उसने शब्द आणि सख्खं नातं

'ज्यानं चोच दिली, तो चाराही देईल' असं आपण म्हणतो. बाल्टिक समुद्राकाठी राहणारे लिथुआनियन लोक हाच विश्वास दातांवरून बोलून दाखवतात. त्यांची म्हण देवनागरीत लिहिली, तर साधारण अशी दिसेल : 'द्येवास दावे दान्तिस, द्येवास दुओस इर दुओनोस.' देवानं दात दिले, देव भाकरीही देईल. भाषेचे अभ्यासक ही म्हण आवडीनं सांगतात, कारण तिचं संस्कृत रूप जवळजवळ शब्दाला शब्द लावून करता येतं : 'देवः अददात् दतः, देवः दास्यति अपि धानाः.' लिथुआनियन 'दुओना' म्हणजे भाकरी किंवा पाव, संस्कृत 'धाना' म्हणजे धान्याचे भाजलेले दाणे. मराठीत 'देवानं दात दिले, देव धान्यही देईल' असं म्हटलं, तर देव, दात, देणं आणि धान्य हे चारही शब्द त्या म्हणीतल्या शब्दांचे भाऊबंद निघतात.

आता याच म्हणीचा पहिला तुकडा मल्याळममध्ये ऐका : 'दैवम पल्लु तन्नु.' यातला 'दैवम' लगेच कळतो. 'पल्लु' म्हणजे दात आणि 'तन्नु' म्हणजे दिले, हे मात्र कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

केरळ आपल्याच पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला आहे. लिथुआनिया हजारो किलोमीटर दूर, बर्फाच्या प्रदेशात. तरीही दूरच्या भाषेतला दात ओळखीचा आणि जवळच्या भाषेतला परका, असं का व्हावं? या प्रश्नाचा पाठपुरावा केला, की भाषांविषयीची एक मोलाची गोष्ट हाती लागते. शब्द उसने आणता येतात, नातं उसनं आणता येत नाही.

दोन भाषा, एक वर्ष

आधी दोघींची ओळख करून घेऊ. २०११च्या जनगणनेत मल्याळम ही मातृभाषा सांगणारे भारतात सुमारे ३ कोटी ४८ लाख लोक होते. लिथुआनियन बोलणारे जगात जेमतेम ३० लाख. लिथुआनिया या अख्ख्या देशाची वस्ती पुणे शहरापेक्षा कमी आहे. मल्याळमला २०१३ साली भारत सरकारनं अभिजात भाषेचा दर्जा दिला. लिथुआनियन २००४पासून युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांपैकी एक आहे.

मल्याळम ही द्राविडी कुळातली, तमिळ, कन्नड, तेलुगू आणि तुळूची बहीण. लिथुआनियन ही भारत-युरोपीय कुळाच्या बाल्टिक शाखेतली. या शाखेच्या आज दोनच भाषा जिवंत आहेत, लिथुआनियन आणि लाटव्हियन. तिसरी, जुनी प्रशियन, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला संपली. संस्कृत, आणि तिच्या मागोमाग प्राकृत आणि मराठी, त्याच भारत-युरोपीय कुळाच्या दुसऱ्या शाखेवर आहेत.

या दोन्ही भाषांची कुळं पक्की करण्याच्या कामात १८५६ हे साल महत्त्वाचं ठरलं. जर्मन पंडित आउगुस्ट श्लायखर १८५२मध्ये प्रशियाच्या हद्दीतल्या लिथुआनियन खेड्यांत गेला, शेतकऱ्यांकडून त्यांची भाषा शिकला आणि १८५६मध्ये त्यानं तिचं शास्त्रशुद्ध व्याकरण छापलं. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट कॉल्डवेलचा द्राविडी भाषांच्या तौलनिक व्याकरणाचा ग्रंथ निघाला. कॉल्डवेल तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या भागात मिशनरी होता. दक्षिणेतल्या भाषा संस्कृतातून निघालेल्या नाहीत हे मद्रासमधल्या फ्रान्सिस व्हाइट एलिस या अधिकाऱ्यानं १८१६मध्येच मांडलं होतं. कॉल्डवेलनं ते व्याकरणाच्या तपशिलानं सिद्ध केलं.

अग्नी दोघींकडे आहे, पण

मल्याळी माणूस 'अग्नि' म्हणतो, 'मधु' म्हणतो, 'धूमम', 'देवन', 'स्वप्नम', 'पुत्रन' म्हणतो. लिथुआनियन माणूस आगीला 'उग्निस', मधाला 'मेदुस', धुराला 'दूमाइ', देवाला 'द्येवास', स्वप्नाला 'साप्नास' आणि मुलाला 'सूनुस' म्हणतो. वरवर पाहिलं तर मल्याळमच संस्कृतच्या अधिक जवळची वाटते. पण केरळातल्या घरात शिरून रोजचं बोलणं ऐकलं, की दुसराच शब्दसंग्रह कानांवर पडतो. चुलीतला जाळ 'ती', धूर 'पुगा', मध 'तेन', दात 'पल्लु', डोळा 'कण्णु', मुलगा 'मगन', मुलगी 'मगळ', शंभर म्हणजे 'नूरु'. हे मल्याळमचं स्वतःचं धन आहे. 'अग्नि' हा तिथे पूजेत, कवितेत, ग्रंथांत येणारा मानाचा पाहुणा आहे. घरचा कर्ता 'ती' आहे.

लिथुआनियनमध्ये अशी दोन थरांची रचना नाही. 'उग्निस' हाच तिथला चुलीतला जाळ. दात 'दान्तिस', डोळा 'आकिस' (संस्कृत अक्षि), रात्र 'नाक्तिस' (नक्त), मुलगी 'दुक्ते' (दुहिता), बहीण 'सेसुओ' (स्वसा), कुत्रा 'शुओ' (श्वन्), शंभर 'शिम्तास' (शत). 'तू'ला तिथेही 'तू'च म्हणतात. 'कधी' आणि 'तेव्हा' यांना शब्द आहेत 'कादा' आणि 'तादा', संस्कृतातले कदा आणि तदा. हे शब्द कोणत्याही पंडितानं तिथे नेलेले नाहीत. हजारो वर्षं तिथल्या आजीनं नातवाला शिकवत ते आजवर आणले.

म्हणून नातं तपासायचं तर ग्रंथातले भारी शब्द बाजूला ठेवावे लागतात. शरीराचे अवयव, जवळची नाती, लहान आकडे, आग-पाणी-झोप असे जे शब्द मूल पहिल्या दोन-तीन वर्षांत शिकतं, ते सहसा उसने घ्यावे लागत नाहीत.

आकडेच घ्या. लिथुआनियन मोजतात : व्येनास, दू, त्रीस, केतुरी, पेंकी, शेशी, सेप्तीनी, आश्तुओनी, देवीनी, देशिम्त. त्रि, चतुर्, पंच, षट्, सप्त, अष्ट, नव, दश यांची चाल या ओळीत ओळखू येते. मल्याळी मोजतात : ओन्नु, रण्डु, मून्नु, नालु, अंजु, आरु, एळु, एट्टु, ओन्पतु, पत्तु. कानडी येणाऱ्या सोलापूर-सांगलीच्या वाचकाला ही ओळ लगेच घरची वाटेल.

साम्य नव्हे, नियम

इथे एक सावधगिरी हवी. मल्याळम 'एट्टु' आणि मराठी 'आठ' किती सारखे! पण हा योगायोग आहे. मल्याळममध्ये ऐंशीला 'एण्पतु' म्हणतात. आठाचं मूळ द्राविडी रूप 'एण्' असं होतं, ते त्या शब्दात टिकून आहे. 'अष्ट'शी त्याचा संबंध नाही. उलटही फसगत होते. लिथुआनियन 'सूनुस' ऐकून आपल्याला 'सून' आठवेल. पण 'सूनुस' हा संस्कृत 'सूनु', म्हणजे मुलगा. मराठी 'सून' आली ती 'स्नुषा' या वेगळ्या शब्दातून.

कान फसतो, म्हणून भाषाशास्त्र कानावर विसंबत नाही. ते नियम शोधतं. एका भाषेतल्या अमुक ध्वनीच्या जागी दुसरीत तमुक ध्वनी, हे एका शब्दात नव्हे तर अनेक शब्दांत पुन्हा पुन्हा दिसलं पाहिजे. संस्कृतात जिथे 'श' असतो तिथे लिथुआनियनमध्येही बहुधा 'श' मिळतो : शत–शिम्तास, दश–देशिम्त, श्वन्–शुओ. संस्कृतातला महाप्राण तिथे अल्पप्राण होतो : धूम–दूमाइ, मधु–मेदुस. आणि संस्कृतात जिथे 'ह' आहे अशा कित्येक शब्दांत लिथुआनियनमध्ये 'टेलिव्हिजन' या शब्दातल्या 'ज'सारखा ध्वनी येतो. तो आपण 'झ'नं लिहू. 'हिम' तिथे 'झ्येमा' होतो, म्हणजे हिवाळा. 'हंस' तिथे 'झासिस' होतो, म्हणजे हंसाच्याच कुळातला पाळीव पक्षी. 'वहति' तिथे 'वेझा' होतं, म्हणजे वाहून नेतो. एक जोडी योगायोगानं जुळेल. जोड्यांची रांगच एका नियमानं जुळली, तर मूळ एक असल्याशिवाय त्याचा उलगडा होत नाही.

द्राविडी घरातही असेच नियम आहेत. मल्याळममध्ये शब्दाच्या आरंभी 'प' असेल, तिथे आजच्या कन्नडमध्ये 'ह' येतो. दूध 'पाल' आणि 'हालु', दात 'पल्लु' आणि 'हल्लु', दहा 'पत्तु' आणि 'हत्तु'. तमिळमधल्या 'ङ्ग'चा मल्याळममध्ये 'ङ्ङ' होतो. कच्चा आंबा तमिळमध्ये 'माङ्गाय', मल्याळममध्ये 'माङ्ङा'. नारळ 'तेङ्गाय', मल्याळममध्ये 'तेङ्ङा'. ए. आर. राजराज वर्मा यांनी १८९६मध्ये 'केरळ पाणिनीयम' हे मल्याळमचं मोठं व्याकरण लिहिलं. मल्याळम तमिळपासून कोणत्या वाटांनी वेगळी झाली, याचे सहा 'नय' त्यांनी त्यात मांडले. 'ङ्ग'चा 'ङ्ङ' होणं ही त्यातली पहिली वाट, तिला त्यांनी 'अनुनासिकातिप्रसर' असं नाव दिलं. अनुनासिक शेजारच्या व्यंजनावर पसरतं आणि त्याला आपल्यासारखं करून टाकतं, असा त्याचा अर्थ.

मग लिथुआनियन ही संस्कृतची मुलगी झाली का? नाही. संस्कृत आणि लिथुआनियन या एका जुन्या भाषेच्या वेगवेगळ्या मुली. ती भाषा सुमारे पाच-सहा हजार वर्षांपूर्वी बोलली जात असावी आणि तिचा एकही लेख उरलेला नाही. 'सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या' हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं. मल्याळमच्या बाबतीत ते चूक आहे, कारण तिचं कूळच वेगळं. लिथुआनियनच्या बाबतीतही ते चूक आहे, कारण ती संस्कृतच्या बरोबरीच्या पिढीतून उतरली आहे. संस्कृतचा मान राखायला या चुकीची गरज नाही.

घर बांधण्याच्या दोन तऱ्हा

शब्दांपेक्षा खोल असतो तो भाषेचा सांगाडा. घराचाच शब्द घेऊ. मल्याळममध्ये घर 'वीडु', घरे 'वीडुगळ', घरात 'वीट्टिल', घरांत 'वीडुगळिल'. अनेकवचनाचं 'गळ' वेगळं, 'आत' सांगणारं 'इल' वेगळं. विटेवर वीट ठेवावी तसे प्रत्यय एकापुढे एक लागतात आणि प्रत्येक वीट वेगळी मोजता येते.

लिथुआनियनमध्ये घर 'नामास', घरे 'नामाइ', घरात 'नामे', घरांत 'नामुओसे', घरांचा 'नामू'. यातला अनेकवचनाचा भाग कोणता आणि विभक्तीचा कोणता, हे सुटं करून दाखवता येत नाही. एकाच प्रत्ययात वचन, विभक्ती आणि लिंग वितळून गेलेलं असतं. शाळेत 'देवः देवौ देवाः' पाठ केलेल्या माणसाला ही तऱ्हा चांगली ठाऊक आहे. संबोधन धरून सात विभक्त्या लिथुआनियनमध्ये आजही बाजारात, बसमध्ये, घराघरांत चालतात. परकी नावंसुद्धा यातून सुटत नाहीत. शेक्सपिअर तिथे 'शेक्स्पीरास' होतो आणि महात्मा गांधी 'महात्मा गांदिस', कारण प्रत्यय असल्याशिवाय नाव वाक्यात बसत नाही.

मराठी या दोन तऱ्हांच्या मधे उभी आहे. 'घर'चं 'घरा' हे सामान्यरूप होतं, तो जुन्या विभक्तीचा उरलेला अंश. आणि मग त्याला 'त', 'ला', 'चा', 'साठी', 'मध्ये' असे सुटे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं एकामागून एक लागतात, वीटकामासारखी.

क्रियापदात तर मल्याळमनं कमाल केली आहे. मराठीत राम गेला, सीता गेली, पाखरू गेलं. मल्याळममध्ये 'पोयी' एवढंच. ञान पोयी, नी पोयी, अवन पोयी, अवळ पोयी, अवर पोयी. मी, तू, तो, ती, ते कुणीही असो, क्रियापद हलत नाही. तमिळमध्ये मात्र ते बदलतं. तो आला 'वन्दान', ती आली 'वन्दाळ'. मल्याळममध्ये दोन्हीकडे 'वन्नु'. हे वेगळेपण राजराज वर्मांनी 'पुरुषभेदनिरास' या नावानं नोंदवलं आहे. लिथुआनियन क्रियापद उलट पुरुष सांभाळतं. मी गेलो 'एयाउ', तू गेलास 'एयाइ', तो गेला 'एयो'. फक्त तृतीय पुरुषात तो, ती, ते, त्या सगळ्यांना एकच 'एयो' पुरतं. म्हणजे टिकवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या भाषेनंही इथे ओझं हलकं केलं आहे. संस्कृतातलं नपुंसकलिंगी नाम तिथे उरलेलं नाही. आणि नवं घडवलंही आहे. 'एइदावो' म्हणजे 'तो जात असे'. पूर्वीच्या सवयीसाठी स्वतंत्र रूप. मराठी व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात : तो जाई, ती गाई. ही सोय मराठी आणि लिथुआनियन या दोघींनी आपापल्या घरी, एकमेकींना न विचारता तयार केली.

एक जंगलात, एक बंदरावर

एका भाषेनं इतकं जुनं कसं टिकवलं आणि दुसरीनं इतकं नवं कसं पचवलं, याचं उत्तर बरंचसं इतिहासात आहे.

लिथुआनिया युरोपात सर्वांत शेवटी ख्रिस्ती झालेल्या देशांपैकी. तिथे १३८७मध्ये हा धर्म अधिकृतपणे स्वीकारला गेला. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला लिथुआनियाचं राज्य बाल्टिकपासून काळ्या समुद्रापर्यंत पसरलं होतं, पण दरबारच्या लेखणीला लिथुआनियन भाषा कधी मिळाली नाही. तिथे स्लाव्हिक, लॅटिन आणि पुढे पोलिश चालत होती. सरदार घराणी हळूहळू पोलिश बोलू लागली. लिथुआनियन उरली ती जंगलं आणि दलदलींनी वेढलेल्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या तोंडी. तिचं पहिलं छापील पुस्तक निघालं १५४७मध्ये, मार्तिनास माझ्विदास यांची ख्रिस्ती प्रश्नोत्तरी, आणि तेही शेजारच्या प्रशियातल्या क्योनिग्सबर्गमध्ये.

मल्याळमचं नशीब वेगळं. मिऱ्याच्या व्यापारानं केरळच्या बंदरांत अरब आले, यहुदी आले, पोर्तुगीज आले. पोर्तुगीजांचा 'जनेला' कोकणीत 'जनेल' झाला आणि मल्याळममध्ये 'जनल', दोन्हीकडे अर्थ खिडकीच. पण सगळ्यांत खोल ठसा संस्कृतचा. संस्कृत आणि मल्याळम एकत्र गुंफलेल्या शैलीला 'मणिप्रवाळम' म्हणत. मणी म्हणजे माणिक, प्रवाळ म्हणजे पोवळं. दोन्ही लाल, म्हणून एका माळेत ओवली तरी सांधा दिसू नये, ही त्या नावामागची कल्पना. चौदाव्या शतकातल्या 'लीलातिलकम' या ग्रंथात या शैलीचं शास्त्र सांगितलं आहे, आणि तो ग्रंथ संस्कृतात आहे. पुढे सोळाव्या शतकात, आपल्याकडे एकनाथ लिहीत होते त्याच काळात, तुंचत्त एळुत्तच्छन यांनी रामायण-महाभारत मल्याळममध्ये आणलं. त्यांच्या भाषेत संस्कृत भरपूर आहे, पण वाक्याचा कणा मल्याळमचा आहे. केरळ त्यांना आपल्या भाषेचे जनक मानतो.

लिथुआनियनला शब्दांच्या गर्दीपेक्षा मोठं संकट पाहावं लागलं. लिथुआनियावर राज्य करणाऱ्या रशियन साम्राज्याविरुद्धचा १८६३चा उठाव मोडला आणि १८६४मध्ये झारच्या सरकारनं लॅटिन लिपीत लिथुआनियन छापण्यावर बंदी घातली. पुस्तक छापायचं तर रशियन लिपीत, असा हुकूम होता. लोकांनी ती पुस्तकं घेतलीच नाहीत. सीमेपलीकडे प्रशियातल्या तिल्झे गावात पुस्तकं छापायची आणि रात्री पाठीवर गोणी बांधून, पहारेकऱ्यांची नजर चुकवून आणायची, असा क्रम सुरू झाला. असं काम करणाऱ्यांना 'क्निग्नेशेइ' म्हणजे ग्रंथवाहक असं नाव पडलं. काहीजण गोळीला बळी पडले, अनेकांना सैबेरियात धाडलं गेलं. १८८३मध्ये 'आउश्रा' म्हणजे पहाट हे नियतकालिक असंच सीमेपलीकडून आलं. आधुनिक लिथुआनियनला प्रमाणरूप देणारे योनास याब्लोन्स्किस यांनाही आपलं १९०१चं व्याकरण टोपणनावानं तिल्झेमध्येच छापावं लागलं. ४० वर्षांनी, १९०४मध्ये, बंदी उठली. आजही १६ मार्च हा ग्रंथवाहक युर्गिस ब्येलिनिस यांचा जन्मदिवस लिथुआनियात ग्रंथवाहक दिन म्हणून पाळतात. आपल्या भाषेतल्या पुस्तकांसाठी माणसांनी जिवाची बाजी लावली, अशी उदाहरणं जगात फार नाहीत.

शेपटीचं अक्षर आणि आपला अनुस्वार

लिथुआनियन लिपीत ३२ अक्षरं आहेत. त्यातल्या चार स्वरांना खाली छोटी शेपटी असते. ही शेपटी एके काळी नाकातून होणारा उच्चार दाखवत असे. आज प्रमाण भाषेत तो उच्चार गेला, स्वर फक्त दीर्घ उरला, पण शेपटी लिहायची पद्धत चालूच आहे. मराठी वाचकाला यात आपलंच चित्र दिसेल. 'नांव', 'पांच', 'केलें' असे अनुच्चारित अनुस्वार आपण लिहीत होतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढून टाकले. लिथुआनियननं शेपटी ठेवली, आणि तिच्यामुळे एक जुना दुवा डोळ्यांना दिसत राहिला. 'वीरास' म्हणजे पुरुष, संस्कृत 'वीरः'. त्याच्या द्वितीयेत शेवटच्या स्वराला शेपटी येते, आणि बरोबर तिथेच संस्कृतात 'म्' असतो : 'वीरम्'. हरवलेल्या अनुनासिकाची ती खूण आहे.

ध्वनींचं बोलायचं तर दोघींच्या संपत्ती अगदी वेगळ्या आहेत. लिथुआनियनमध्ये ट, ड, ण, ळ नाहीतच. तिथे श्रीमंती आहे ती सुरांची. 'आउक्श्तास' हा शब्द एका सुरात म्हटला तर 'उंच', दुसऱ्या सुरात म्हटला तर इमारतीचा 'मजला'. वैदिक संस्कृतातही स्वरांचा असाच खेळ होता. मल्याळममध्ये जिभेची चपळाई आहे. 'पत्ति' म्हणजे नागाचा फणा, 'पट्टि' म्हणजे कुत्रा, आणि 'त' व 'ट' यांच्या मधल्या जागी, हिरडीपाशी जीभ टेकवून केलेला तिसरा उच्चार म्हणजे 'विषयी'. शिवाय 'ळ' आहे, आणि जिभेला आणखी मागे वळवून, कुठेही न टेकवता केलेला आणखी एक ध्वनीही आहे. 'कोळिकोड' लिहावं की 'कोझिकोड' हा आपला गोंधळ त्याच ध्वनीमुळे होतो, कारण त्याला मराठीच्या नेहमीच्या देवनागरीत नेमकं अक्षर नाही.

शेजाराचा वाटा

इथवर रक्ताच्या नात्याचं बोललो. आता शेजाराचं बोलू, कारण तोही भाषा घडवतो.

मल्याळममध्ये 'आम्ही'साठी एक शब्द आणि 'आपण'साठी दुसरा. ऐकणारा वगळायचा असेल तर 'ञङ्ङळ', त्याला सामील करून घ्यायचं असेल तर 'नम्मळ'. मराठीत नेमका हाच भेद आहे : आम्ही जेवलो, आपण जेवू या. संस्कृतात मात्र 'वयम्' एकच, आणि लिथुआनियनमध्येही 'मेस' एकच. मग मराठीला हा भेद आला कुठून? 'आपण' हा शब्द संस्कृत 'आत्मन्'पासून प्राकृतातून आला आहे. पण 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे ठेवण्याची रीत द्राविडी शेजारातून आली, असं अनेक अभ्यासक मानतात. शब्द आपल्या घरचा, रीत शेजारची.

मरे एमेनो या अभ्यासकानं १९५६मध्ये भारत हा एक 'भाषिक प्रदेश' आहे हे सप्रमाण मांडलं. कूळ वेगळं असलेल्या भाषा शतकानुशतकं एकत्र नांदल्या, की त्यांची वळणं सारखी होतात. कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद हा क्रम, 'जेवून', 'करून' अशी रूपं, ट-ड-ण यांचा सुळसुळाट, ही ती वळणं. याचं एक ठळक उदाहरण आपल्याकडचं आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास करून १९७१मध्ये तो प्रसिद्ध केला. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या शेजारी राहत होती. प्रत्येकानं आपापले शब्द जपले, पण वाक्यरचना इतकी सारखी झाली, की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येत होतं.

यातही घाई करून चालत नाही. 'मला थंडी वाजते', 'मला आवडतं' यांत अनुभव घेणारा चतुर्थीत जातो. मल्याळममध्येही तसंच : 'एनिक्कु तणुक्कुन्नु', 'एनिक्कु इष्टमाणु'. म्हणून ही केवळ भारतातल्या शेजाराची देणगी, असं वाटेल. पण लिथुआनियन माणूसही 'मान शाल्ता', 'मान पातिंका' म्हणतो, आणि 'मान' म्हणजे 'मला'. थंडी आणि आवड या माणसाच्या करण्याच्या गोष्टी नव्हेत, त्या त्याच्याकडे येतात, हे जगातल्या कितीतरी भाषांना आपापलं सुचलेलं आहे. दोन भाषांत एखादी गोष्ट सारखी दिसली, तर ती वारशानं आलेली असेल, शेजारातून आलेली असेल, योगायोग असेल किंवा सगळ्या माणसांना सुचणारी असेल. या चारही शक्यता तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

मराठी माणसाला या दोन भाषांची तुलना यासाठी मोलाची आहे. लिथुआनियन पाहिली की कळतं, आपले दात, मध, धूर, तू आणि मी किती जुन्या घरातून आले आहेत. मल्याळम पाहिली की कळतं, आपलं 'आपण' आणि आपल्या बोलण्याची चाल कुणाच्या सोबतीनं घडली. यांपैकी लिथुआनियन माणूस आपल्याला सहजी भेटणार नाही. मल्याळी माणूस मात्र आपल्या इमारतीत, कार्यालयात, रुग्णालयात रोज भेटतो. त्याला एकदा दहापर्यंतचे आकडे, शरीराचे अवयव आणि घरातल्या नात्यांची नावं विचारून वहीत उतरवून घ्या. शेजारी मराठी लिहा, कानडी येत असेल तर कानडीही लिहा. त्या एका पानावर उसने शब्द कोणते आणि घरचे कोणते, हे तुमचं तुम्हालाच दिसू लागेल.